अकादमीतली पोरं फर्स्ट टीममध्ये येतात कधी?

डावखुरा (गोरेगाव)

आर्सेनलच्या धाग्यावर मॅक्स डाउमनवरून जी जुंपली ती तिथे नको म्हणून वेगळा धागा काढतोय. ॲडमिन, नको असेल तर उडवा.

तिथला सूर असा होता. तिकडे आर्सेनलचा हा डाउमन १५ वर्षं २३५ दिवसांचा असताना लीड्सविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये उतरतो. त्याच्याही आधी एथन न्वानेरी १५ वर्षं १८१ दिवसांचा असताना ब्रेंटफर्डविरुद्ध उतरला होता. आणि आपल्याकडे २३ वर्षांच्या घोड्याला 'उगवता तारा' म्हणतात. मग ठरलेली कॅसेट: आपल्यात टॅलेंट नाही, आपल्यात ताकद नाही, आपल्याकडे क्रिकेट आहे.

मला हे पटत नाही. टॅलेंट लागतंच, पण पोरगा फर्स्ट टीममध्ये येतो तो मुख्यतः जागा रिकामी झाली म्हणून. ही जागा म्हणजे विरार लोकलची सीट आहे. उभा असलेला कितीही लायक असू दे, बसलेला उठल्याशिवाय काही होत नाही.

चेल्सीचं बघा. वर्षानुवर्षं त्यांची अकादमी युथ कप जिंकत होती आणि पोरं लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबांकडे उसनी, फिरत होती. २०१९ मध्ये फिफाने खेळाडू खरेदीवर बंदी घातली, हझार्ड माद्रिदला गेला, आणि अचानक मेसन माउंट, टॅमी अब्राहम, टोमोरी, रीस जेम्स एकाच मोसमात दिसायला लागले. ही पोरं त्या उन्हाळ्यात एका रात्रीत हुशार झाली का? माउंट आधी हॉलंडमध्ये व्हिटेसकडे आणि मग डर्बीकडे खेळून आलेलाच होता. फरक एवढाच की आता बाहेरून कुणी आणता येत नव्हतं.

बार्सिलोनाचंही तेच. २०२१ मध्ये कर्ज गळ्याशी आलं, ला लीगाच्या पगारमर्यादेत मेस्सीसुद्धा बसेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावी पहिल्यांदा उतरला. २९ एप्रिल २०२३ ला लामिन यामाल बेटिसविरुद्ध शेवटची काही मिनिटं आला तेव्हा सोळाही पूर्ण नव्हता. यामालसारखा पोरगा कुठेही वर आला असता हे मान्य. पण फेर्मिन लोपेस? लिनारेससारख्या तिसऱ्या दर्जाच्या संघाकडे लोनवर गेलेला पोरगा. खिशात पैसे असते तर बार्साने त्या जागी कुणीतरी सहा-सात कोटी युरोचा आणून बसवला असता.

आर्सेनलचा लुइस-स्केली तर मूळचा मिडफिल्डर. २०२४-२५ मध्ये डावे बॅक एकामागून एक जायबंदी झाले, कोच आर्टेटाने याला तिथे उभं केलं. फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीविरुद्धच्या ५-१ मध्ये गोल, मार्चमध्ये इंग्लंडसाठी पहिल्याच सामन्यात गोल.

आता मुंबईकडे या. अंधेरीला मुंबई सिटीचे सामने बघायला जाणाऱ्यांना विचारतो: आपल्या इथे ही सीट रिकामी कधी होते? आणि झाली तरी त्यावर बसायला मुंबईचा पोरगा का नसतो? विक्रम प्रताप सिंग आपल्याकडे फुलला, आयएसएलचा, म्हणजे भारताच्या मुख्य लीगचा, २०२३-२४ चा 'इमर्जिंग प्लेअर' ठरला. पण तो चंदीगडकडचा, तयार होऊन आला फेडरेशनच्या तरुण पोरांच्या संघातून, इंडियन ॲरोजमधून.

ऑफसाइड

विरार लोकलची सीट आधी दादरला बुक होते, हे विसरलास.

बांद्रेकर

डावखुऱ्या, अर्धंच चित्र दाखवतोयस. जागा रिकामी झाली की पोरगा येतो, बरोबर. पण त्या वेळी तो तयार असावा लागतो, आणि त्यासाठी क्लबला दहा वर्षं आधीपासून पैसे घालावे लागतात. चेल्सीवर बंदी आली तेव्हा माउंट होता. उद्या आपल्या कुठल्या क्लबवर बंदी आली तर आपण काय काढणार? बंदी आलेल्या क्लबांची हालत आपण पाहिलेली आहे.

मँचेस्टर युनायटेडचा रेकॉर्ड बघ. ऑक्टोबर १९३७ पासून एकही सामना असा नाही की मॅचच्या संघात अकादमीचा निदान एक खेळाडू नाही. मध्ये महायुद्ध आलं, म्युनिकचा अपघात झाला, फर्ग्युसन आला, गेला. गेल्या दहा वर्षांत तर क्लबचा पार बट्ट्याबोळ झाला, तरी ती साखळी तुटलेली नाही. २०२४ ची एफए कप फायनल सिटीविरुद्ध २-१ जिंकले, गोल गार्नाचो आणि मेनूचे. दोघंही तिथूनच वर आलेले. ही सवय झाली, टंचाई नव्हे.

(त्याच उन्हाळ्यात त्यांनी मॅकटॉमिनेला विकलं हे वेगळं. घरच्या पोराला विकलं की हिशेबात सगळी रक्कम निव्वळ नफा दिसते, विकत आणलेल्या खेळाडूची उरलेली किंमत वजा करावी लागते. गॅलेघरला चेल्सीने आणि पाल्मरला सिटीने सोडलं त्यामागेही हे गणित होतंच. मॅकटॉमिने नापोलीला गेला, पहिल्याच वर्षी लीग जिंकला आणि तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अकादमी म्हणजे आता काही क्लबांना दुभती म्हैस झाली आहे.)

सिटीझन_अंधेरी

वेस्ट स्टँडवाला बोलतोय, म्हणून थोडं लांब लिहितो.

आपल्याकडे सीट रिकामी कधी होते याचं उत्तर नियमात आहे. आयएसएल सुरू झाली तेव्हा, २०१४ मध्ये, मैदानावर सहा परदेशी चालत. म्हणजे भारतीय पाच. २०१७-१८ पासून परदेशी पाच झाले. २०२१-२२ पासून चार. म्हणजे आता सात भारतीय. त्याच वर्षीपासून प्रत्येक क्लबला निदान चार डेव्हलपमेंट (म्हणजे तरुण) खेळाडू ठेवायचे आणि त्यातले दोन मॅचच्या यादीत घ्यायचे असा नियम आला. यादीत. मैदानावर नव्हे.

म्हणून अंधेरीला दर सामन्यात एक दृश्य दिसतं. साठ मिनिटं झाली की एकोणीस-वीस वर्षांची दोन पोरं बिब घालून कॉर्नरकडे वॉर्म-अपला जातात. गुडघे वर घेत धावतात, अधूनमधून मान वळवून बेंचकडे बघतात. सत्तर होतात. त्यातल्या एकाला हाक येईल असं वाटतं, तर कोच तिशीतल्या माणसाला उठवतो. पंच्याऐंशी होतात. ८९ व्या मिनिटाला, स्कोअर ३-० असेल तर, एक पोरगा आत जातो. चेंडूला पाय लावेपर्यंत शिट्टी. दुसरा बिब काढून गुंडाळतो आणि बाटल्या गोळा करायला मदत करतो. घरी आईला फोनवर काय सांगत असेल कोण जाणे.

दुसरा मुद्दा पोझिशनचा, आणि इथे डावखुऱ्याची सीट मला पटते. परदेशी चार कुठे लावतात? एक सेंटर बॅक, एक मिडफिल्ड, एक नंबर दहा, एक स्ट्रायकर. संघाचा कणा परदेशी. भारतीय पोरांना उरतं काय? विंग आणि फुलबॅक. म्हणूनच छांगटे, बिपिन, विक्रम असे विंगर आपल्याकडे रांगेने दिसतात, आणि छेत्रीनंतर नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, कोण, हा प्रश्न पंधरा वर्षं तसाच आहे. अकादमीत सगळ्यात जास्त गोल करणारा पोरगा वर आला की त्याला सगळ्यात लांब रांग.

अपवाद एकच ठळक: बेंगळुरूचा शिवशक्ती. २०२२ ला गोव्यात पहिली आरएफ (रिलायन्स फाउंडेशन) डेव्हलपमेंट लीग, म्हणजे तरुण पोरांची लीग, झाली, ती बेंगळुरूने जिंकली, हा त्यातला पुढचा गडी. पुढच्याच मोसमात आयएसएलमध्ये तो सुरुवातीपासून खेळायला लागला आणि छेत्री बेंचवरून येऊ लागला. त्या वर्षीचा इमर्जिंग प्लेअरही तोच. म्हणजे कोचने ठरवलं तर होतं. पण छेत्रीला बेंचवर बसवायला छाती लागते.

आणि विक्रम 'आपल्याकडे फुलला' म्हणताना एप्रिल २०२४ ची फातोर्ड्याची सेमी आठव. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोव्याकडे २-० ची आघाडी, आणि आपण ३-२ जिंकलो. छांगटे, विक्रम, छांगटे. तो पोरगा तेव्हा २२ वर्षांचा होता आणि क्लबकडे चौथा मोसम खेळत होता. चार वर्षं थांबायची तयारी क्लबची आणि त्याची, दोघांची होती, हे लोक विसरतात.

ऑफसाइड

ती सेमी मी ८८ व्या मिनिटाला टीव्ही बंद करून झोपलो होतो. पुढे बोलू नका.

जुना_लाइन्समन

पोरांनो, तुमच्या चर्चेत एक भोक आहे ते दाखवतो. मी कूपरेज आणि आझाद मैदानावर बरीच वर्षं झेंडा हातात घेऊन पळलो आहे, तेव्हा वडीलकीच्या नात्याने ऐकून घ्या.

मुंबईत पोरं नाहीत हे खोटं. एमएसएसए, म्हणजे मुंबईच्या शाळांची क्रीडा संघटना, १८९३ ची, शाळांच्या स्पर्धा इथे तुमच्या आयएसएलच्या शंभर वर्षं आधीपासून आहेत. रोव्हर्स कप १८९१ चा. मेलबर्न ऑलिंपिकला १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा नेव्हिल डिसोझा इथलाच, ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई. बांद्र्याचं ते टर्फ मैदान त्याच्या नावाचं आहे. निम्म्या पोरांना ते फक्त 'एनडी' म्हणून माहीत.

मग अडतं कुठे? अठरा ते बावीस. शाळेत असतो तोवर स्पर्धा असतात, घरचे कौतुक करतात. बारावी झाली की बाप विचारतो, पुढे काय? पूर्वी याला उत्तर होतं. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे, बँका. पोरगा बरा खेळला की कंपनी नोकरीला लावायची. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी टेबल. फार थोर व्यवस्था होती असं मी म्हणणार नाही, पुष्कळ जण टेबलावरच जाड झाले. पण अठराव्या वर्षी फुटबॉल सोडावा लागत नसे, आणि विसाव्या वर्षी पोरगा कूपरेजच्या चिखलात तिशीतल्या दांडग्या बॅकच्या कोपरांशी झगडत असे. त्याला म्हणतात तयार होणं.

ते सगळं एकेक करून गेलं. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला क्लब बंद. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर नाही. मुंबई एफसी २००७ ला आला, २०१७ ला मिटला. त्यात खालिद जमीलने बरीच वर्षं तुटपुंज्या पैशांत संघ पहिल्या लीगमध्ये टिकवून धरला. तोच खालिद आज भारताचा कोच आहे, यात नवल काय.

आणि तुम्ही एवढं लिहिलंत, राहुल भेकेचं नाव कुणी घेतलं नाही? मुंबईचं पोर. एअर इंडिया, मुंबई एफसी, केरळ ब्लास्टर्स, ईस्ट बंगाल असा दारोदार खेळून मोठा झाला. १७ मार्च २०१९ ला आयएसएलची फायनल आपल्याच अंधेरीला, बेंगळुरू विरुद्ध गोवा. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून जिंकवली कुणी? भेकेने. वय २८. एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय. जिंकवणारा हेडर पुन्हा भेकेचा. हा पोरगा अठराव्या वर्षी 'फर्स्ट टीममध्ये ब्रेक' वगैरे मिळवून आलेला नाही. त्याला मधली चार-पाच वर्षं कुठे ना कुठे मोठ्या माणसांत खेळायला मिळालं. एवढंच.

बांद्रेकर

काका, नमस्कार. हे वेगळा लेख म्हणून टाका हो, धाग्यात वाहून जाईल. भेकेचं खरंच विसरलो, आणि तेही बांद्र्यात बसून.

पेठेतला

काकांशी शंभर टक्के सहमत. नोकरीसाठी परळला असलो तरी जीव शाहू स्टेडियमवर, तेव्हा कोल्हापूरचं सांगतोच.

आमच्याकडे पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस क्लब असा सामना असला की स्टेडियमबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही. पोरगा सतरा-अठरा वर्षांचा झाला की पेठेच्या संघात उतरतो. समोर कोण? रंकाळ्यावर रोज पळणारा, दोन पोरांचा बाप, तंगडीत घोड्याचं बळ. पहिल्याच मॅचला पोराला कळतं फुटबॉल काय आहे. प्रेक्षक नावासकट शिव्या देतात. चुकलास की दुसऱ्या दिवशी मिसळीच्या गाड्यावर हिशेब चुकता होतो. हे इंग्लंडमधल्या अकादमीवाल्यांना लोन पाठवून शिकवावं लागतं. हॅरी केनला लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर असं चार ठिकाणी धाडलं होतं टॉटनहॅमने.

आमच्याकडे उणीव वेगळी. पेठ तापवते, पण पुढे नेत नाही. अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याला अकादमीत गेला म्हणून २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला. पेठेतच राहिला असता तर पेठेचाच हिरो झाला असता, आणि चाळिशीत गुडघा धरून गोष्टी सांगत बसला असता.

डावखुरा (गोरेगाव)

अनिकेतवरून बरं आठवलं. माझ्या मते आपण केलेली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ॲरोज बंद करणं. त्या वर्ल्डकपच्या पोरांना फेडरेशनने उचलून आय-लीगमध्ये घातलं. नोव्हेंबर २०१७, पहिलाच सामना, चेन्नई सिटीला ३-० हरवलं आणि दोन गोल अनिकेतचे. पुढे बरेच सामने हरले, तळाकडेच राहिले. पण जिक्सन, अपुइया, विक्रम ही सगळी मंडळी तिथे आठवड्याला नव्वद मिनिटं खेळली. हरायची मुभा होती, कारण खाली घसरण्याची भीती नव्हती. २०२२ ला तो संघ गुंडाळला, कारण दिलं की त्याऐवजी युथ लीग वाढवू.

युथ लीग म्हणजे काय तर त्याच वयाची पोरं एकमेकांशी खेळणार. ती पहिली डेव्हलपमेंट लीग आठ संघांची होती, म्हणजे प्रत्येकाला सात सामने. सात सामन्यांत कोण तयार होणार? आता संघ बरेच वाढलेत, पण वर्षाचे उरलेले महिने पोरगा प्रॅक्टिसच करत असतो. त्यात २०२५ च्या जुलैत आयएसएलच थांबली, काही क्लबांनी पगार रोखले. अशा वेळी पहिली कात्री युथ टीमला लागते हे सांगायला ज्योतिषी नको.

सिटीझन_अंधेरी

ॲरोजवर असहमत. फेडरेशनने संघ चालवला की क्लबांना वाटतं पोरं घडवणं हे आपलं कामच नाही. विक्रम आयता मिळाला, मग मुंबई सिटीने मुंबईत का शोधायचं? २०१९ ला मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा आम्हाला वाटलं आता मँचेस्टरची अकादमी इथे येणार. दोन शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आल्या, दोन कप आले, मजा आली, नाही म्हणत नाही. २०२५ च्या डिसेंबरात ते निघूनही गेले. मागे अंधेरीत वाढलेली किती पोरं पहिल्या अकरात सोडून गेले, तूच मोज.

नियमच करायचा तर यादीचा नको, मिनिटांचा करा. २१ खालच्या पोरांना मोसमात अमुक मिनिटं मिळालीच पाहिजेत, नाहीतर बक्षिसाच्या पैशातून वजावट.

डावखुरा (गोरेगाव)

मिनिटांचा नियम केलास की क्लब पोराला उजव्या बॅकला उभं करतील, ५५ व्या मिनिटाला काढतील आणि हिशेब पूर्ण करतील. पळवाट शोधण्यात आपण जगात पहिले आहोत.

सिटीझन_अंधेरी

५५ मिनिटं तर ५५! आत्ता किती मिळतात? दोन.

मृणाल_डोंबिवली

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते. तुमच्यासारखी आकडेवारी मला येत नाही. माझा मुलगा १५ चा आहे, यंदा दहावी. राइट विंग खेळतो. गेली काही वर्षं सकाळी अंधारात उठून त्याला प्रॅक्टिसला पोचवणं चालू आहे. टर्फवरचे ते काळे रबराचे दाणे आमच्या घरात गादीपासून पोळीच्या डब्यापर्यंत सगळीकडे सापडतात.

आधी ज्या अकादमीत घातलं होतं (नाव लिहीत नाही) तिथे फ्लेक्सवर 'थेट आयएसएल' असं लिहिलेलं होतं. फी भक्कम, किट वेगळं, 'एक्स्पोजर टूर' वेगळी. नंतर कळलं की त्यांचा संघ असोसिएशनच्या कुठल्याच लीगमध्ये उतरत नाही, आपापसात मॅच खेळवतात आणि सगळ्यांना मेडल देतात. तिथून काढलं. आता दुसऱ्या ठिकाणी आहे, कोच मनापासून शिकवतात.

परवा एका तिसऱ्याच संस्थेचे गृहस्थ मॅच बघायला आले होते. म्हणाले, मुलाला निवासी अकादमीत द्या, शाळा बाहेरून करेल, पाच वर्षांचा करार करू. ह्यांना ते पटतंय, मला धडधडतंय. दहावी सोडून जाऊ नको म्हणणारी आई म्हणजे व्हिलन, असं सध्या घरात चाललंय. जाणकारांनी सांगावं, नक्की काय विचारायचं त्या माणसाला?

बांद्रेकर

ताई, पहिलं म्हणजे सही करू नका. १८ खालच्या मुलाशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा प्रोफेशनल करार फिफाच्या नियमात बसत नाही. पाच वर्षं म्हणणाऱ्या माणसाला एकतर नियम माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं तो धरून चाललाय. दोन्ही वाईट.

दुसरं, आत्ताच्या क्लबने मुलाची फेडरेशनच्या सीआरएस प्रणालीत नोंदणी केली आहे का ते तपासा. लोक याला क्षुल्लक समजतात. फिफाच्या नियमांनुसार १२ ते २३ या वयात मुलाला ज्या क्लबांनी शिकवलं त्यांचा पुढच्या पैशांत वाटा असतो. पहिला प्रोफेशनल करार झाला की ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन, म्हणजे शिकवल्याची भरपाई, आणि पुढे कधी करार चालू असताना परदेशी क्लबने पैसे मोजून घेतलं तर त्या रकमेचे ५ टक्के या सगळ्यांत वाटले जातात. नोंदणी नसेल तर तुमच्या त्या मनापासून शिकवणाऱ्या कोचच्या क्लबच्या हाती धुपाटणं. आणि नोंदणी असेल तर नव्या ठिकाणी जाताना रीतसर ट्रान्सफर लागते, नुसतं किट बदलून चालत नाही.

जुना_लाइन्समन

मृणालताई, मी चार प्रश्न सांगतो, ते त्या गृहस्थांना तोंडावर विचारा. गेल्या मोसमात तुमचा अंडर-१७ संघ कुठल्या लीगमध्ये किती सामने खेळला, तारखांसकट दाखवा. तुमच्याकडून १८ पूर्ण होऊन बाहेर पडलेली पोरं आज कुठे आहेत, सगळी, नुसती फोटोतली दोन नव्हे. फिजिओ मुक्कामाला असतो की मॅचपुरता येतो. आणि गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा.

चौथ्या प्रश्नाला तो किती वेळ गप्प बसतो ते बघा.

जन्माचा दाखला वगैरे नीट ठेवा. वयचोरीमुळे आता मनगटाच्या एक्सरेवरून हाडांचं वय बघतात, खरं वय असलेल्या पोराने घाबरायचं कारण नाही. पण मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.

सिटीझन_अंधेरी

निवासी म्हणजे वाईटच असंही नाही हं ताई. घणसोलीची रिलायन्सची यंग चॅम्प्स २०१५ पासून आहे, निवासी, शाळेसकट. तिथला आयुष छिकारा मुंबई सिटीत आला, नेमिल गोव्याकडे गेला. पण तिथे फ्लेक्स लावून पोरं गोळा करत नाहीत, देशभर स्काउट फिरतात. शाळा बाहेरून करेल म्हणणारा आणि शाळा आत असलेला, यात फरक करा.

आणि राइट विंग असेल तर एक आगाऊ सल्ला: कोचला सांगून अधूनमधून राइट बॅक खेळवा. वर बघितलंत ना, जागा तिथे निघते. लुइस-स्केलीसुद्धा तसाच घुसला.

मृणाल_डोंबिवली

राइट बॅक म्हटल्यावर चिरंजीवांनी जेवायचं ताट बाजूला सारलं. "बॅक म्हणजे डिमोशन" असं म्हणणं आहे त्यांचं.

पेठेतला

त्याला भेकेची फायनल दाखवा, ताई. तो त्या दिवशी बॅकच होता.

मृणाल_डोंबिवली

दाखवली. ११७ वं मिनिट दोनदा बघितलं, मग म्हणाला "हा कॉर्नर होता, कॉर्नरला कुणीही पुढे जातं." त्या गृहस्थांना रविवारी फोन करणार आहे, काकांचे चारही प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत. काय म्हणतात ते इथेच लिहीन. आणि आत्ताच्या क्लबचं विचारलं, सीआरएसमध्ये नोंदणी आहे, कोचनी मोबाइलवर काढून दाखवली.

जुना_लाइन्समन

छान. रविवारी सकाळी नका करू, त्या वेळी सगळे मैदानावर असतात. दुपारी चारनंतर करा.